मदत हवी आहे: जुनी कॅसेट मित्रांना पाठवायची आहे

नमस्कार मंडळी,
१९९४ साली हॉस्टेलवर आम्ही चौघांनी वर्गणी काढून एक सी-९० (९० मिनिटांची) कॅसेट भरून घेतली होती. ए बाजूला किशोर, बी बाजूला आशाबाई आणि बाबूजींची भावगीतं. आतल्या कार्डावर निळ्या शाईत गाण्यांची यादी आहे, माझ्याच अक्षरात. ए बाजूचं शेवटचं गाणं अंतऱ्यातच तुटतं, कारण ४५ मिनिटं संपली. ते तुटणंही मला तसंच ठेवायचंय; आम्ही ते गाणं तिथपर्यंतच म्हणायचो.

आता तिघं तीन गावांना आहेत. दिवाळीला त्यांना हे पाठवायचंय. डेकच्या हेडफोन जॅकमधून वायर लॅपटॉपला लावून ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड केलं. पण लॅपटॉपचा जॅक माइकचा, त्यामुळे सगळं मोनो झालं, डावा-उजवा आवाज वेगळा राहिला नाही. लाइन-इन असलेलं, परवडणारं यूएसबी साउंड कार्ड कुणी वापरलंय का?

दुसरं, बी बाजू घोंगडीखालून ऐकल्यासारखी येते. डेकचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, स्पिरिटने पुसून झालं. हेडशेजारचा छोटा स्क्रू फिरवून अझिमथ, म्हणजे टेपशी हेडचा कोन, जुळवतात म्हणे. घरी कुणी केलंय? हात लावायची भीती वाटते.

खरखर काढायला दोन गाण्यांमधल्या शांततेचा नमुना देऊन १२ डेसिबलवर नॉइज रिडक्शन लावलं. खरखर गेली, पण आशाबाईंचा श्वासही गेला. किती ठेवावं?

व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवणार आहे. अख्खी बाजू सलग ठेवू की गाणी वेगळी करू? मला सलगच बरं वाटतं. तुम्ही काय कराल?