मदत हवी आहे : बोकडाच्या बरगड्या मऊ होत नाहीत

मांजराकाठ (लातूर) : नमस्कार. रविवारी मेहुणे सहकुटुंब जेवायला येणार आहेत आणि भाजलेल्या बरगड्या खाऊ घालतो, असे मी त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगून बसलो आहे. गेल्या दोन्ही रविवारी कच्च्या पपईच्या वाटणात मुरवून ओव्हनमध्ये दीड तास भाजल्या, तरी वरचा थर भुसभुशीत झाला आणि हाडालगतचे मांस चामड्यासारखे राहिले. मुरवण्याचे प्रमाण कुठे चुकते, एवढेच कृपया लवकर सांगावे.

गोदातीर (नांदेड) : ओव्हन किती अंशांवर होता? बरगड्या झाकल्या होत्या की उघड्या? मटण केव्हा आणले होते?

मांजराकाठ : २२० अंश, उघड्या ट्रेमध्ये. मटण त्याच दिवशी सकाळी सातला खाटकाने समोर कापून दिले होते आणि पपईत दिवसभर ठेवले. प्रश्न मुरवण्याचा आहे.

साधीचूल (परभणी) : एवढा खटाटोप कशाला? कुकरला पाच शिट्ट्या द्या आणि नंतर तव्यावर परता. आमच्याकडे वीस वर्षे असेच होते आणि आजवर कोणीही तक्रार केलेली नाही.

गोदातीर : कुकरमध्ये पाणी १२० अंशांच्या आसपास पोचते, त्यामुळे मांस लवकर शिजते हे मान्य, पण सगळा रस पाण्यात उतरतो आणि हाडे हातात सुटी येतात. त्याला भाजलेल्या बरगड्या म्हणता येणार नाही.

साधीचूल : रस पाण्यात उतरला तर ते पाणी पिता येते. वाया काय जाते?

परतलोगावी (छत्रपती संभाजीनगर) : अमेरिकेत तीन-दोन-एक अशी पद्धत आहे : तीन तास धूर, दोन तास गुंडाळून, एक तास सॉस लावून. डोळे झाकून हीच करा.

गोदातीर : ते गणित डुकराच्या जाड, चरबीदार बरगड्यांचे आहे. आपल्या उस्मानाबादी बोकडाच्या बरगडीवर बोटभरही मांस नसते. सहा तासांत तिचे लाकूड होईल.

गोदातीर (मांजराकाठ यांना) : चूक मुरवण्यापेक्षा आचेत अधिक आहे. बरगडीच्या मांसात चिवट तंतू फार असतात आणि ते विरघळायला ओलसर, मंद उष्णता बराच वेळ मिळावी लागते. २२० अंशांवर ते विरघळण्याआधीच मांस आक्रसते आणि कोरडे पडते. शिवाय कापल्यावर काही तासांत स्नायू आखडतात, म्हणून मटण शनिवारीच आणून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. पपई किलोला एक चमचा आणि तासभर पुरे. दिवसभर ठेवल्यास तिचा पाचक रस पृष्ठभागाचा लगदा करतो, आतपर्यंत मात्र पोचत नाही. आतल्या बाजूचा पांढरा पडदा काढला होता का?

मांजराकाठ : कोणता पडदा?

गोदातीर : टोकाच्या हाडावर सुरीचे टोक त्याच्याखाली सरकवा, सुटलेली कड कोरड्या फडक्यात धरा आणि ओढा, तो कागदासारखा निघतो. तो राहिला तर मीठमसाला आत जात नाही. नंतर दही, आले-लसूण, काळा मसाला आणि किलोला १५ ग्रॅम मीठ लावा, फॉइलमध्ये घट्ट बांधून थोडे पाणी घाला आणि १५० अंशांवर अडीच तास ठेवा.

येसूरवाली (बीड) : माझे मत विचाराल तर पाहुण्यांना येसूर (भाजलेल्या धान्य-डाळीचा मसाला) घातलेला रस्सा आणि बाजरीची भाकरी द्यावी. येसूर भाजताना ज्वारी, बाजरी आणि हरभऱ्याची डाळ वेगवेगळी भाजावी, एकत्र भाजल्यास डाळ कच्ची राहते.

मांजराकाठ : ताई, रस्सा पत्नी करणारच आहे. मला बरगड्याच हव्या आहेत.

मांजराकाठ (गुरुवार) : अर्धा किलो आणून सांगितल्याप्रमाणे करून पाहिले. पडदा दुसऱ्या प्रयत्नात निघाला. दोन तासांनी वीज गेली आणि अर्ध्या तासाने आली, पण ओव्हनचे दार उघडले नाही. हाडांची टोके पेराएवढी उघडी पडली होती आणि मांस काट्याने सुटत होते. चिंच-गुळाचे लेपण मात्र सुरुवातीपासूनच चोळले होते, ते फॉइलच्या तळाशी जळून कडू झाले. लेपण केव्हा लावावे?

साधीचूल : अगदी शेवटी, फॉइल उघडल्यावर. गूळ फार लवकर करपतो. पुन्हा २२० अंशांवर दहा मिनिटे ठेवा आणि ओव्हनसमोरून हलू नका. कुकरच्या बाबतीत मात्र मी माझे मत बदललेले नाही.