मेथोट्रेक्सेटने झिजलेलं आतडं आणि कर्क्युमिन : उंदरांवरच्या प्रयोगाबद्दल

एमफार्म_दुसरंवर्ष
विस्टार जातीच्या उंदरांना (रॅट) ५ दिवस हळदीतलं कर्क्युमिन तोंडावाटे (१०० मिग्रॅ/किलो), मग मेथोट्रेक्सेट हे कर्करोगाचं औषध २० मिग्रॅ/किलो पोटाच्या पोकळीत इंजेक्शनने एकदाच, त्यानंतरही कर्क्युमिन चालू. आतडं कधी काढावं? आणि माणसाच्या हिशेबात ही किती हळद?

स्लाइडवाला
मेथोट्रेक्सेटनंतर ७२ तासांनी काढा. २४ तासांत क्रिप्टमधल्या (आतड्याच्या अस्तरातल्या खळग्यांतल्या) विभागणाऱ्या पेशी मरतात, पण व्हिली (अस्तरावरची बोटांसारखी टोकं) तोवर ठीकच दिसतात. खालून भरती थांबली की मग आखूड होतात. फार थांबलात तर आतडं आपणहून भरून येतं आणि श्रेय फुकट कर्क्युमिनला जातं.

जेजुनम (लहान आतड्याचा मधला भाग) काढल्याबरोबर बर्फासारख्या थंड सलाइनने धुऊन १० टक्के फॉर्मलिनमध्ये टाका. पाच मिनिटं टेबलावर राहिलं तरी टोकाच्या पेशी सुटायला लागतात, आणि तेच औषधाचं नुकसान म्हणून मोजलं जातं. तिरका काप गेलेल्या व्हिली मोजू नका.

कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही. ०.५ टक्के सीएमसीत (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजच्या दाटसर द्रावणात) घोटा आणि दर सिरिंजआधी बाटली हलवा. नाहीतर तळाशी पिवळा थर बसतो आणि शेवटच्या उंदराला भलताच डोस जातो.

डोसचा_हिशेब
उंदराचा डोस ६.२ ने भागा : साधारण १६ मिग्रॅ/किलो, म्हणजे ६० किलोच्या माणसाला जवळपास १ ग्रॅम कर्क्युमिन. हळदीत ते ३ टक्क्यांच्या आसपास धरलं तर रोज ३२ ग्रॅम हळद! भाजीतल्या चिमटीशी याचा काही संबंध नाही.

शोषण वाढावं म्हणून पिपेरिन (मिऱ्यातला घटक) घालू नका. इथे कर्क्युमिन आतड्यातच राहिलेलं हवंय, शिवाय पिपेरिन औषधं मोडणाऱ्या एन्झाइमांना अडवतं. आणि निरोगी उंदरात आतडं वाचलं, म्हणून कर्क्युमिनने औषधापासून कर्करोगाची गाठही वाचवली नाही, असं म्हणता येत नाही. उदाहरणार्थ, ग्रीन टीतला ईजीसीजी हा घटक बोर्टेझोमिब या कर्करोगाच्या औषधातल्या बोरॉनलाच चिकटून औषध निकामी करतो, हे २००९ साली दिसलं आहे. गाठ असलेल्या प्राण्यांचा गट नसेल तर प्रबंधात ‘रुग्णांना उपयुक्त’ हे शब्द लिहू नका.

स्लाइडवाला
एक राहिलं. मेथोट्रेक्सेटनंतर उंदीर खाणं सोडतात, आणि नुसत्या उपासानेही व्हिली आखूड होतात. म्हणून औषध न दिलेला, पण तेवढंच कमी खाणारा एक (पेअर-फेड) गट ठेवाच.

एमफार्म_दुसरंवर्ष
त्यांना रोज किती खाद्य द्यायचं?

स्लाइडवाला
मेथोट्रेक्सेट गटाने आदल्या दिवशी जितकं खाल्लं तितकंच, तोलून. म्हणून हा गट एक दिवस उशिरा सुरू करा. पिंजऱ्याखाली सांडलेला चुराही वजनातून वजा करायचा, तो बहुतेकजण विसरतात.