स्तोत्र १२७ ऐकल्यानंतर पहाटेचा गजर लावायचा की नाही?

वहीवाला

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम.

प्रश्न एका ओळीचा आहे, पण त्याआधी वहीबद्दल सांगायला हवं.

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. डावीकडे तारखा, पुढे चार रकाने: पहाटेची प्रार्थना, वचनवाचन, रागावलो नाही, खोटं बोललो नाही. रात्री झोपण्यापूर्वी प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण, नाहीतर फुली. तीन वर्षं हे चाललंय. पहिला रकाना बरा आहे. दुसऱ्याचं म्हणाल तर वर्षभरात पूर्ण बायबल वाचायचा तक्ता मी दर जानेवारीत नव्याने सुरू करतो आणि दर फेब्रुवारीत लेवीयच्या तेराव्या अध्यायात, त्या कुष्ठाच्या चट्ट्यांपाशी, रुततो. (हसू नका, इथले बरेचजण तिथेच बसलेले असणार.) चौथ्या रकान्यात मी अधूनमधून खोटी बरोबरची खूण केली आहे, हेही कबूल करून टाकतो.

खरी मारामारी तिसऱ्या रकान्याची. सलग १७ दिवस न रागावणं हा माझा विक्रम. अठराव्या दिवशी मुलाचा भागाकार घेत होतो. तो अकरा वर्षांचा आहे. एकच चूक तिसऱ्यांदा केली आणि मी त्याची वही उचलून भिंतीवर भिरकावली. तो रडला नाही. रात्री झोपायला जाताना दारात थांबला आणि म्हणाला, "पप्पा, आज फुली ना?"

म्हणजे त्याला वही माहीत होती. किती दिवसांपासून, कोण जाणे.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी उपासनेत बायबलमधल्या स्तोत्र १२७ वर संदेश झाला. परमेश्वर घर बांधत नसेल तर बांधणाऱ्यांचे श्रम व्यर्थ, हे वचन मला तोंडपाठ होतं. दुसऱ्या वचनाकडे मात्र कधी नीट लक्ष गेलं नव्हतं. पहाटे लवकर उठणं, उशिरा विसावणं, हेही व्यर्थ! मला वाटलं, हे स्तोत्र ज्याच्या नावावर आहे त्या शलमोन राजाने माझी वही बघूनच हे लिहिलंय. संदेश देणाऱ्यांनी शेवटी सांगितलं, धडपड थांबवा, प्रभूला करू द्या.

मी थांबवली. वही कपाटात टाकली, गजर बंद केला. तीन आठवड्यांत काय झालं सांगतो: प्रार्थना गेली, वाचन गेलं, राग होता तेवढाच राहिला. फक्त त्याची नोंद राहिली नाही.

तर प्रश्न असा. धडपड केली तर ती माझ्या बळावर म्हणून व्यर्थ. नाही केली तर काहीच होत नाही. मग उद्या पहाटे मी नेमकं काय करू? कृपा करून "विश्वास ठेवा" एवढंच लिहू नका.

आनंदी

विश्वास ठेवा ब्रदर. प्रभू सर्व काही करील. आमेन.

वहीवाला

आमेन. आलंच.

जुनी_पानं

तुमची वही वाचून मला जॉन वेस्ली आठवला, मेथडिस्ट चळवळ सुरू करणारा अठराव्या शतकातला इंग्रज धर्मोपदेशक. ऑक्सफर्डला असताना तो आणि त्याचे सोबती बुधवारी-शुक्रवारी उपास करत, तुरुंगात जाऊन कैद्यांना भेटत, आणि वेस्ली तर तासातासाचा हिशेब रोजनिशीत मांडायचा. तुमचे चार रकाने त्याच्यापुढे काहीच नाहीत. १७३५ मध्ये तो मिशनरी म्हणून अमेरिकेतल्या जॉर्जियाला निघाला. वाटेत समुद्रात वादळ झालं, मुख्य शीड फाटलं, लोक किंचाळू लागले. त्याच जहाजावरची मोरेव्हियन (एका जर्मन प्रोटेस्टंट पंथाची) मंडळी मात्र स्तोत्र गात राहिली, बायकामुलांसकट. वेस्लीला स्वतःच्या भीतीची लाज वाटली. जॉर्जियातलं काम फसलं आणि १७३८ च्या सुरुवातीला तो पार खचून परतला. त्याची तक्रार साधारण अशी होती की मी दुसऱ्यांचं परिवर्तन करायला गेलो, माझं कोण करणार?

२४ मे १७३८ ला लंडनमधल्या एका सभेत बायबलमधल्या रोमकरांस पत्रावरची, धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरची प्रस्तावना वाचली जात होती. ती ऐकताना, साधारण पावणेनऊला (वेळसुद्धा लिहून ठेवलीय, सवय कुठे जाते), त्याला उमगलं की ख्रिस्ताने माझी पापं, माझीच, दूर केली.

ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. पुढची फारशी कोणी सांगत नाही. त्याच्याच संगतीतले काहीजण शिकवू लागले की पूर्ण विश्वास मिळेपर्यंत माणसाने स्तब्ध राहावं: प्रार्थना नको, शास्त्र वाचन नको, प्रभुभोजनही नको, कारण ती सगळी आपली करणी. थोडक्यात, तुम्हाला सांगितलं गेलं तेच. वेस्लीने याला कडाडून विरोध केला आणि जुलै १७४० मध्ये ती मंडळी सोडली. कृपा समजलेला माणूस तो. पण पहाटे चारला उठणं त्याने म्हातारपणापर्यंत सोडलं नाही.

तुमचा गजर निर्दोष आहे, असं माझं मत.

तर्कट

मी मंडळीत वाढलो, आता फारसा जात नाही, तरी विचारतो. देवावर अजिबात विश्वास नसलेली माणसंही राग आवरायला शिकतात. समुपदेशकाकडे जातात, श्वास मोजतात, आणि त्यांना फरक पडतो. मग "देवाशिवाय श्रम व्यर्थ" हे वाक्य सरळसरळ चूक नाही का? देवाने न बांधलेली कितीतरी घरं मजबूत उभी आहेत.

रात्रपाळी

तर्कट, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, ते जुनी_पानं देतील. मला वहीवाल्या भावांशी बोलायचंय.

भाऊ, मी निवृत्त नर्स. नोकरीत रुग्णांवर कधी आवाज चढवला नाही. सगळे म्हणायचे, सिस्टरांना देवाने काय शांत स्वभाव दिलाय. मलाही तसंच वाटायचं. मग यजमानांना पक्षाघात झाला आणि सहा वर्षं ते अंथरुणाला होते. तेव्हा कळलं की माझा शांत स्वभाव आठ तासांच्या पाळीपुरता होता. पाळी संपली की घरी जाता येतं. इथे घरच वॉर्ड झालं होतं.

रोज सकाळी मी ठरवायची, आज त्यांच्यावर चिडायचं नाही. तसं देवाला वचन द्यायची. दुपारी तिसऱ्यांदा चादर बदलायची वेळ आली की दात आवळून बदलायची, आणि त्यांना ते हाताच्या स्पर्शातून कळायचं. बोलता येत नव्हतं, पण डोळे मिटून घ्यायचे. ते डोळे मिटणं मला अजून दिसतं.

एकदा असंच, हातात भांडं, दाराच्या कडीवर हात, आणि माझ्याच्याने आत पाऊल टाकवेना. मी तिथेच मोठ्याने म्हटलं, "प्रभू, मला आत जायचं नाही. मला यांचा राग आलाय. माझ्याकडे माया उरलेली नाही, तुझ्याकडची दे." बस. अंगावर काटा नाही, उजेड नाही. आत गेले, चादर बदलली. हात जरा सैल होते एवढंच. त्या दिवशी त्यांनी डोळे मिटले नाहीत.

त्यानंतरही मी चिडले, अनेकदा. पण एक गोष्ट लक्षात आली. तोवर मी देवाला नुसती वचनं देत होते, त्याच्याकडे काही मागत नव्हते. आणि वचनं द्यायची सकाळी, शांत खोलीत, जिथे त्यांची गरजच नसते.

लूकचा बाविसावा अध्याय काढा. येशूचा शिष्य पेत्र त्याला म्हणतो, मी तुझ्याबरोबर तुरुंगात जाईन, मरेन. वचन खरं होतं त्याचं, तो काही नाटक करत नव्हता. पण त्या वाक्याच्या अलीकडचं वाक्य बघा. येशूने त्याला आधीच सांगितलंय की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. आणि पुढे "तू वळलास म्हणजे" असं म्हणतो. म्हणजे पडणार हे धरूनच चाललाय. पेत्राला ते ऐकूच आलं नाही, तो आपल्या वचनाच्या तयारीत. कोंबडा आरवेपर्यंत पेत्राने येशूला ओळखत नाही असं तीनदा सांगितलं, त्याचं वचन संपलं होतं. येशूची विनंती संपली नव्हती.

गजर लावा, नका लावू. मला विचाराल तर लावा, तुम्हाला सवय आहे. पण उठल्यावर हिशेब देऊ नका, मागा. आणि पहाटेच नका मागू. भागाकाराच्या आधी मागा, खोलीच्या दारात.

आणखी एक, रागावू नका. मुलाची माफी मागितलीत का? लिहिलेलं दिसलं नाही म्हणून विचारलं.

जुनी_पानं

तर्कट, प्रश्न रास्त आहे. मीही तो बराच काळ बाळगला. स्तोत्र असं म्हणत नाही की देवाशिवाय घर उभंच राहणार नाही. माणसांनी स्वतःचं नाव करायला बांधायला घेतलेला बाबेलचा बुरूज चांगला वर चढत होता. व्यर्थ म्हणजे पडणारं असं नाही, ज्यासाठी केलं ते हाती न लागणारं. योहान १५ मध्ये "माझ्याशिवाय तुम्हाला काही करता येत नाही" म्हणतानाही येशू फळाबद्दल बोलतोय, कर्तबगारीबद्दल नाही. राग आवरलेला माणूस आणि प्रेमळ माणूस यांत फरक असतो. पहिल्यापर्यंत श्वास मोजून पोहोचता येतं, आणि तेही काही कमी नाही. दुसऱ्यापर्यंत स्वतःच्या बळावर पोहोचलेला मी तरी अजून पाहिलेला नाही. हे माझं मत, सिद्ध करून दाखवता येणार नाही.

आणि समुपदेशकाकडे जाणं हे देवाच्या मदतीच्या विरुद्ध आहे, असं मानायचं कारणच नाही. हिज्कीया राजा मरणाच्या दारात होता. देवाने यशया संदेष्ट्याकरवी सांगितलं, तुला बरं करतो, आणखी पंधरा वर्षं देतो. इतकं स्पष्ट वचन मिळालं, आता काय करायचं उरलं? तर पुढच्याच ओळीत यशया म्हणतो, अंजिरांचा लेप आणा. तो गळवावर लावला आणि राजा बरा झाला. २ राजे, अध्याय २०. मला तो लेप फार आवडतो. बरं करणारा देव आहे यात शंका नाही, तरी कुणीतरी अंजिरं ठेचलीच असणार.

यरुशलेमचा तट पुन्हा बांधणाऱ्या नहेम्याचंही तसंच. शत्रू चालून येताहेत कळल्यावर त्याने प्रार्थना केली आणि पहारेही बसवले, दोन्ही एकाच वचनात.

तर्कट

अंजिरांचं माहीत नव्हतं. बाकी पटलंच असं नाही, पण "राग आवरलेला आणि प्रेमळ" यावर विचार करतो.

वहीवाला

पाच आठवडे झाले. मुद्दाम लगेच लिहिलं नाही, कारण दोन दिवस बरे गेले की मला साक्ष द्यायची घाई होते, आणि तिसऱ्या दिवशी तोंड लपवावं लागतं.

रात्रपाळी ताई, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून मी फोन बंद करून बसलो होतो. नव्हती मागितली. फुली मारली की माझ्या लेखी तो विषय संपायचा. त्याच रात्री वही कपाटातून काढून सुरुवातीपासून चाळली. तीन वर्षांच्या खुणा आणि फुल्या, समासात कुठे कुठे "उद्यापासून नक्की", एके ठिकाणी तर दोनदा अधोरेखित. "मदत कर" असं एकाही पानावर नाही. मी देवाला दर रात्री माझं प्रगतिपुस्तक सहीसाठी देत होतो.

मुलाची माफी मागितली. मोठा प्रसंग होईल अशी माझी तयारी होती. तो म्हणाला, "ठीक आहे," आणि मग, "त्या वहीतली मागची पानं कोरी आहेत, ती मला चित्रं काढायला द्याल?" दिली.

गजर लावतो. पूर्वी उठल्याबरोबर कालच्या फुल्यांचा पंचनामा असायचा. आता आज कुठे घसरणार ते साधारण ठाऊक असतं, तेवढंच प्रभूपुढे ठेवतो आणि मागतो. आणि हो, संध्याकाळी खोलीच्या दारात उभा राहतो. पहिल्या दिवशी फार विचित्र वाटलं. मुलाने आतून विचारलं, "कोण आहे?"

काल अपूर्णांक होते. माझा आवाज दोनदा चढला. दुसऱ्यांदा मी उठून बाहेर गेलो, दारात पुन्हा तेच म्हटलं आणि परत आत गेलो. उरलेली सगळी गणितं झाली, त्यातली तीन चुकली. ती तशीच राहू दिली, शाळेत कळतील. रात्री सवयीने वही उघडली. बरोबर म्हणावं तर आवाज चढला होता. फुली मारावी तर आम्ही दोघं शेवटपर्यंत बसलो होतो. काय खूण करावी कळेना. ओळ रिकामी सोडली आणि झोपलो.

समुपदेशकाचा पत्ताही घेऊन ठेवलाय, पुढच्या आठवड्यात जाणार आहे. अंजिरं, दुसरं काय.

रात्रपाळी

बरं वाटलं वाचून. लेवीय कुठवर आलं?

वहीवाला

चौदावा अध्याय. घराच्या भिंतीवर चट्टा पडला तर काय करायचं, ते चाललंय.