यादृच्छिक भौमितिक आलेखांच्या आयगेनमूल्यांचा अभ्यास कोठून सुरू करावा?

आलेखवेडा, सोलापूर :
नमस्कार. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मोहोळकडच्या ऊसपट्ट्यात ओलावा मोजणाऱ्या बिनतारी संवेदकांचे जाळे मी नमुना म्हणून घेतले आहे. चौरसात १००० बिंदू यादृच्छिकपणे टाकून ठरावीक अंतराच्या आतले बिंदू जोडले, शेजाऱ्यांची सरासरी सातच्या आसपास ठेवली आणि संलग्नता मॅट्रिक्सची (दोन बिंदू जोडलेले असतील तर १, नसतील तर ० असा तक्ता) आयगेनमूल्ये काढली, म्हणजे मॅट्रिक्सने गुणल्यावर काही खास सदिश ज्या पटीत बदलतात त्या संख्या. विग्नरचे अर्धवर्तुळ, म्हणजे स्वतंत्र यादृच्छिक नोंदींच्या मोठ्या सममित मॅट्रिक्सच्या आयगेनमूल्यांचे अर्धवर्तुळाकृती वितरण, कुठेच दिसत नाही. वितरण एका बाजूला कललेले असून उणे १ वर उंच सुळका आहे. आधी काय करून पाहावे आणि काय वाचावे?

गणितमास्तर, जुळे सोलापूर :
वाचनाआधी त्रिकोण मोजा. मॅट्रिक्सच्या घनाचा ट्रेस (कर्णावरील पदांची बेरीज, म्हणजेच आयगेनमूल्यांच्या घनांची बेरीज) म्हणजे त्रिकोणांच्या संख्येची सहापट. एर्डोश–रेन्यी आलेखात (ज्यात अंतर न पाहता प्रत्येक जोडी सारख्याच संभाव्यतेने जोडतात) शेजाऱ्यांची सरासरी तेवढीच ठेवून बिंदू वाढवले, तर त्रिकोण नगण्य ठरतात. येथे मात्र एकाच बिंदूचे दोन शेजारी परस्परांचेही शेजारी असण्याची संभाव्यता, चौरसाच्या कडेचे बिंदू वगळता, सुमारे ०.५८७ असते आणि बिंदू कितीही वाढवले तरी ती घटत नाही. अर्धवर्तुळ सममित असल्याने त्याची तिसरी घूर्णी (घनांची सरासरी) शून्य असते, तुमची तशी होणारच नाही. कल त्यातूनच आला आहे.

सुळक्याचे कारण तर हाताने पडताळता येते. जोडलेल्या दोन बिंदूंचे बाकीचे सारे शेजारी तेच असतील, तर एकाला १, दुसऱ्याला उणे १ आणि इतरांना शून्य असा सदिश घ्या. मॅट्रिक्सने गुणताच तो चिन्ह बदलून परत येतो. जवळजवळ पडलेल्या बिंदूंत अशा जोड्या भरपूर सापडतात.

संख्याशास्त्री, होटगी रस्ता :
सरांच्या म्हणण्याला जोड म्हणून सुचवते की, आधी चौरसाच्या समोरासमोरच्या कडा जोडून टोरसवर (कडा नसलेल्या, कंकणासारख्या पृष्ठावर) काम करावे. चौरसाचे क्षेत्रफळ १ धरून, जोडणीच्या अंतराची त्रिज्या स्थिर ठेवून बिंदू वाढवले आणि आयगेनमूल्यांना बिंदूंच्या संख्येने भागले, की ती वर्तुळाकृती चकतीच्या फूरिये सहगुणकांकडे, म्हणजे बेसेल फलनाच्या (वर्तुळाकृती प्रश्नांत येणाऱ्या, लाटेसारख्या चढउताराच्या फलनाच्या) किमतींकडे जातात. सर्वांत मोठे चकतीच्या क्षेत्रफळाकडे जाते. वाचनासाठी चार्ल्स बोर्देनाव्ह यांचा युक्लिडीय यादृच्छिक मॅट्रिक्सवरचा २००८ चा लेख घ्या. मॅथ्यू पेनरोझ यांचा २००३ चा ग्रंथ उत्तम आहे, पण तो जाळे अखंड जोडलेले आहे का आणि त्याचे सुटे तुकडे (घटक) कसे, यासाठी.

आलेखवेडा :
मनःपूर्वक आभार. शेताला मात्र बांध असतात, टोरस नसतो, त्याचे काय?

गणितमास्तर :
शेताच्या कडेवरच्या बिंदूला सरासरी निम्मे आणि कोपऱ्यावरच्याला पाव शेजारी मिळतात, म्हणून जाळे बहुधा तिथेच तुटते. लाप्लासियनची (कर्णावर प्रत्येक बिंदूच्या शेजाऱ्यांची संख्या ठेवून त्यातून संलग्नता मॅट्रिक्स वजा केलेल्या मॅट्रिक्सची) शून्य आयगेनमूल्ये मोजा. जितकी शून्ये, तितके जाळ्याचे तुकडे.