'त्सूक': आगगाडी, वाऱ्याचा झोत की पटावरची चाल?

कृष्णाकाठ, सांगली
सप्रेम नमस्कार. मुलांना बुद्धिबळ शिकवताना डावाच्या अंतिम टप्प्यात 'त्सूकत्स्वांग' ही संज्ञा मी नेहमी वापरतो. ज्याची पाळी असते त्याला चाल करावीच लागते आणि कोणतीही चाल केली तरी त्याची स्थिती बिघडते, ती ही अवस्था. आता जर्मन शिकू लागल्यावर समजले की यातला 'त्सूक' आगगाडीलाही म्हणतात आणि खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याच्या झोतालाही. हे वेगवेगळे शब्द आहेत का? ऐकताना अर्थ कसा ओळखावा?

जर्मन अध्यापिका, सातारा
शब्द एकच आहे आणि तो 'त्सीएन', म्हणजे ओढणे, या क्रियापदापासून आला आहे. इंजिन डबे ओढते, फटीतून हवा ओढली जाते, आणि पटावर मोहरा हलवण्यालाही जर्मन खेळाडू 'त्सीएन'च म्हणतात. आपण विडी ओढतो, श्वास ओढून घेतो. तिकडेही विडीचा झुरका 'त्सूक' आणि एक श्वास 'आटेमत्सूक' असतो, त्यामुळे मराठी माणसाला हा विस्तार परका वाटू नये. अडचण एवढीच की या सर्व अर्थांत शब्द पुल्लिंगीच राहतो आणि अनेकवचनही 'त्स्यूगे' हेच होते. 'झे' पुल्लिंगी असला तर सरोवर आणि स्त्रीलिंगी असला तर समुद्र, किंवा 'बांक'चे अनेकवचन 'बेंके' झाले तर बाकडी आणि 'बांकन' झाले तर बँका, अशी व्याकरणाची खूण येथे मिळत नाही.

कृष्णाकाठ, सांगली
आभारी आहे, ताई. मग 'इश झित्सं इम त्सूक' या वाक्याचा अर्थ काय घ्यावा?

कराडकर, सध्या जर्मनीत
'मी गाडीत बसलो आहे' आणि 'मी वाऱ्याच्या झोतात बसलो आहे' हे दोन्ही अर्थ होतात. निवाडा प्रसंगावरून करावा लागतो. व्यवहारात मात्र गोंधळ क्वचितच होतो, कारण वारा लागत असेल तर येथील लोक बहुधा 'एस त्सीट' एवढेच म्हणतात आणि खिडकी लावून घेतात. आपल्याला अधिक उपयोगी पडेल तो 'आम त्सूक' हा प्रयोग, म्हणजे 'पाळी असणे'. कार्यालयातही 'आता निर्णय तुम्ही घ्यायचा आहे' अशा अर्थाने तो सर्रास ऐकू येतो. जर्मन पुस्तकांत बुद्धिबळाच्या कोड्याखाली 'वाइस आम त्सूक' असे छापलेले दिसले, तर पांढऱ्याने चाल करायची आहे असे समजावे.