एफएमटीला (न्यायवैद्यकशास्त्र) अजून जुनंच शिकवतायत, व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) काय बोलू?

हॉस्टेलचा_चहा:
थर्ड इयर एमबीबीएस, सरकारी कॉलेज, नाव नाही सांगत. परवा लेक्चरला सरांनी समलैंगिक संबंध 'अननॅचरल ऑफेन्सेस'मध्येच (अनैसर्गिक गुन्ह्यांत) घेतले, जुन्या एडिशनवरून, वर एक जोक मारला आणि अख्खी बॅच खिदळली. माझा रूममेट गे आहे, फक्त मला माहितीये, तो शेजारीच बसलेला, मान खाली घालून नोट्स काढत होता. व्हायव्हात हेच विचारणार. तक्रार केली तर इंटर्नल्सला (कॉलेजच्याच हातातल्या मार्कांत) ठोकतील ही भीती आहेच.

नाईट_ड्यूटी_इंटर्न:
अरे ऑगस्ट २०२४ ला एनएमसीनेच (राष्ट्रीय वैद्यकीय आयोग) हे सिलॅबसमध्ये परत घुसवलेलं, बोंबाबोंब झाली तेव्हा ५ सप्टेंबरला मागे घेतलं आणि आठवड्याभरात सुधारून काढलं. व्हायव्हात भांडू नको. सरळ सांग, सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या नवतेज जोहर निकालानंतर दोन सज्ञान माणसांचे संमतीने असलेले संबंध गुन्हा नाहीत. आणि १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत जुन्या आयपीसीच्या ३७७ सारखं (अनैसर्गिक संबंधांचं) कलमच नाही, मग पुरुषावर जबरदस्ती झाली तर काय लावायचं? एफएमटीत चर्चा व्हायला हवी ती याची.

पासिंग_पुरते:
आधी पास व्हा, क्रांती नंतर. जोक सर सगळ्यांवरच मारतात.

सायकियाट्री_रेसिडेंट:
@पासिंग_पुरते हसणारेच उद्या ओपीडीत बसतात हो. आमच्याकडे आईवडील धडधाकट पोराला "नीट करून द्या" म्हणून घेऊन येतात, आणि आधी कुठल्यातरी डॉक्टरने त्याला गोळ्या चालू केलेल्या असतात! मद्रास हायकोर्टाच्या सुषमा केसनंतर, २०२२ मध्ये एनएमसीने कन्व्हर्जन थेरपी (लैंगिक कल 'बदलायचे' उपचार) म्हणजे डॉक्टरचं गैरवर्तन असं सगळ्या स्टेट मेडिकल कौन्सिल्सना कळवलंय, तरी हे चालूच.
@हॉस्टेलचा_चहा एकट्याने जाऊ नको. चारपाच जणांच्या सह्या घे, एनएमसीचं ऑक्टोबर २०२१ चं पत्र जोड (एलजीबीटी लोकांबद्दल पुस्तकांतला अपमानकारक मजकूर शिकवू नका असं त्यात आहे) आणि एचओडींना "नवीन सिलॅबसप्रमाणे घ्याल का" एवढंच विचार, सरांचं नाव नको. रूममेटचा विषय तर कुठेच काढू नको, आणि पत्र द्यायच्या आधी त्याला विचार. त्याला कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ आहे, मुंबईत हमसफर ट्रस्ट (एलजीबीटी लोकांसाठीची संस्था) आहे.

हॉस्टेलचा_चहा:
विचारलं त्याला. म्हणाला पत्र दे, मी पण सही करतो, फक्त पहिल्या पाचात नको.