बेदाण्याचे पैसे यूएसडीटीत घ्यावेत का?

प्रश्न (तासगाव): दुबईचा व्यापारी बेदाण्याचं पेमेंट यूएसडीटीत (डॉलरच्या किमतीशी बांधलेलं क्रिप्टो नाणं) देतो म्हणतोय. बँकेचं कमिशन वाचेल का?

उत्तर १: कमिशनसाठी अडकू नका. फेमा या परकीय चलन कायद्याप्रमाणे निर्यातीचे पैसे अधिकृत बँकेतूनच यावे लागतात. नाहीतर ई-बीआरसी (निर्यातीचे पैसे आल्याचा बँकेचा दाखला) निघत नाही, शिपिंग बिल, म्हणजे कस्टमकडची निर्यातीची नोंद, उघडंच राहतं.

उत्तर २: शिवाय यूएसडीटी विकताना १ टक्का टीडीएस, नफ्यावर ३० टक्के कर, तोटा वजा होत नाही. पीटूपीवर, म्हणजे थेट दुसऱ्या व्यक्तीला, विकलंत आणि समोरच्याचे पैसे फसवणुकीतले निघाले तर थेट खातं गोठतं. खरी भीती हीच.

उत्तर ३: यूएसडीटी ट्रॉन या ब्लॉकचेन नेटवर्कवर घेतलंत, तर वॉलेटमध्ये फीसाठी थोडे टीआरएक्स (ट्रॉनचं स्वतःचं नाणं) नसले तर यूएसडीटी सहसा पुढे पाठवताच येत नाही. आणि ‘डॉलरइतकंच’ यावरही विसंबू नका: मार्च २०२३ मध्ये यूएसडीसी हे असंच दुसरं डॉलरशी बांधलेलं नाणं ९० सेंटखाली आलं होतं, कारण त्यामागची काही राखीव रक्कम बुडालेल्या सिलिकॉन व्हॅली बँकेत होती.

प्रश्नकर्ता: मग डिजिटल रुपया?

उत्तर १: तो रिझर्व्ह बँकेचाच, यूपीआय क्यूआरवर चालतो. पण व्याज नाही. या निर्यातीला स्विफ्टच (परदेशी बँकेतून आपल्या बँकेत येणारं पेमेंट) बरं.